प्राचीन व्यापारी मार्ग आणि चीनचा इतिहास वर्गात शिकवताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान सहावी ते दहावीला इतिहास शिकवणाऱ्यांसाठी आहे. वर्गात ४० ते ४५ मुलं, तास ३५ मिनिटांचा, प्रोजेक्टर कधी मिळतो कधी नाही, असं धरूनच इथलं सगळं साहित्य सुचवलं आहे. बहुतेक वस्तू शाळेत, किराणा दुकानात किंवा स्टेशनरीच्या दुकानात मिळतात.

सुरुवात कशाने करावी? राजवंशांपासून की मार्गापासून?

मार्गापासून, म्हणजे ज्याला आपण रेशीम मार्ग म्हणतो त्यापासून. राजवंशांची यादी आधी दिली तर मुलं ती पाठ करतात आणि परीक्षेनंतर विसरतात. आधी नकाशा, मग व्यापाराचा खेळ, मग मूळ पत्रं आणि प्रवासवर्णनं, आणि त्यानंतर कालपट्टी. हा क्रम ठेवला की हान किंवा तांग ही नावं येतात तेव्हा मुलांकडे ती अडकवायला खुंटी तयार असते.

सहा तास मिळाले तर नकाशाला एक, खेळाला दोन (जोडून), रेशीम कोषांना एक, साधनांच्या वाचनाला एक आणि कालपट्टीला एक. मुलांच्या मनात ठसायला हवी ती एकच गोष्ट: माल हजारो किलोमीटर गेला, पण माणसं क्वचितच तेवढी गेली. प्रत्येक व्यापारी आपल्या टप्प्यापुरता चालला आणि पुढच्याच्या हाती माल देऊन परतला. खालचं प्रत्येक साहित्य याच मुद्द्याकडे नेतं.

भिंतीवरचा मोठा नकाशा कसा तयार करायचा?

तयार नकाशे बहुधा फार गर्दीचे असतात. ब्राउन पेपरवर स्वतः केलेला नकाशा बरा. २२० सेंटीमीटर लांब आणि ८० सेंटीमीटर रुंद पट्टी घ्या. पूर्व रेखांश १० ते १२० आणि उत्तर अक्षांश १० ते ५० एवढा भाग त्यात १ अंशाला २ सेंटीमीटर या मापाने नेमका बसतो. दर १० अंशांवर, म्हणजे दर २० सेंटीमीटरवर, पेन्सिलीने चौकट आखा. आता मुलांना ॲटलासमधून ठिकाणं चौकटीत टाकू द्या: चांगआन (आजचं शीआन) ३४ उत्तर, १०९ पूर्व, दुनहुआंग ४० उत्तर, ९५ पूर्व, काशगर ३९.५ उत्तर, ७६ पूर्व. बल्ख (आजच्या अफगाणिस्तानात) ३७ उत्तर, ६७ पूर्व. मर्व (आजच्या तुर्कमेनिस्तानात) ३८ उत्तर, ६२ पूर्व. अँटिओक (रोमन साम्राज्यातलं पूर्वेकडचं शहर) ३६ उत्तर, ३६ पूर्व. भरुच २२ उत्तर, ७३ पूर्व.

किनारपट्टी आखायच्या आधी तकलामकान वाळवंट, पामीरचं पठार आणि हिमालय रंगवून घ्या. मार्ग तिथून का वळले ते मग सांगावं लागत नाही. तकलामकानच्या उत्तर कडेने एक वाट जाते, दक्षिण कडेने खोतानवरून दुसरी, आणि दोन्ही काशगरला मिळतात. वाळवंटाचं क्षेत्रफळ महाराष्ट्रापेक्षा थोडं जास्तच आहे, एवढं सांगितलं की मुलांना अंदाज येतो.

इथे एक चूक हमखास होते. मुलं दोरा लावून अंतर मोजतात आणि १ सेंटीमीटर म्हणजे ५५ किलोमीटर असं सगळीकडे धरतात. दक्षिणोत्तर ते बरोबर आहे. पूर्व-पश्चिम मात्र रेखावृत्तं उत्तरेकडे जवळ येत जातात आणि ४० अक्षांशावर १ रेखांश जेमतेम ८५ किलोमीटरचा उरतो. दुनहुआंग ते काशगर नकाशावर सुमारे ३७ सेंटीमीटर भरतं. ५५ने गुणलं तर २००० किलोमीटरच्या वर उत्तर येतं, प्रत्यक्षात सरळ अंतर १६००च्या आसपास आहे. या पट्ट्यात पूर्व-पश्चिम मोजताना १ सेंटीमीटरला ४३ किलोमीटर धरा. लादलेल्या उंटाचा तांडा दिवसाला साधारण ३० किलोमीटर जातो. त्यावरून मुलांनी दिवस काढले की दीड-दोन महिन्यांचा हा एकच टप्पा आहे हे त्यांच्या वहीत त्यांच्याच हाताने उतरतं.

आजच्या देशांच्या सीमा दाखवायच्या का?

या नकाशावर नकोत. हान काळात त्या नव्हत्याच. शिवाय हाताने काढलेली भारताची सीमा चुकते आणि ती भिंतीवर वर्षभर लटकत राहते. आजची सीमा दाखवायचीच असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा शेजारी लावा आणि दोन्ही वेगळे ठेवा. परदेशी संकेतस्थळांवरून उतरवलेल्या नकाशांत भारताच्या सीमा पुष्कळदा वेगळ्या दाखवलेल्या असतात, छापण्याआधी तेवढं तपासा.

व्यापाराचा खेळ नेमका कसा घ्यायचा?

सगळ्या साहित्यात वर्गावर सर्वांत जास्त परिणाम याचाच होतो, म्हणून जरा सविस्तर.

४२ मुलांचे ६-६ चे सात गट करा. बाकं एका रांगेत लावून सहा गट या क्रमाने बसवा: चांगआन, दुनहुआंग, काशगर, बल्ख, मर्व, अँटिओक. सातवा गट भरुच. तो रांगेत नाही, बल्खच्या बाजूला बसतो, कारण बल्खहून एक वाट खाली सिंधूच्या खोऱ्यातून भरुचकडे उतरत असे.

पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराची ९२ कार्डं कापा. चांगआनला रेशमाची २०, बाकी प्रत्येक गटाला स्वतःच्या मालाची १२: दुनहुआंगला उंट, काशगरला खोतानचं जेड (मौल्यवान दगड), बल्खला बदख्शानचा लाजवर्द (निळा दगड), मर्वला पोलाद, अँटिओकला काच, भरुचला अकीक आणि सुती कापड. नाणी म्हणून चिंचोके वापरा. अँटिओकला ३०, बाकी सहा गटांना प्रत्येकी २०, एकूण १५०. मोजून डबीत ठेवा, म्हणजे पुढच्या वर्षी तेच चालतात.

नियम चारच:

१. फक्त शेजारच्या गटाशी व्यवहार. शेजारी सोडून पुढे कुणीही जायचं नाही.
२. एका फेरीत एका गटाचे दोनच व्यापारी उठतात. बाकीचे चौघं घरचा माल आणि हिशोब सांभाळतात.
३. विकत घेतलेला माल पुढे विकताना निदान २ चिंचोके वाढवायचे. चांगआन रेशमाचं ठाण २ ला विकतं.
४. प्रत्येक व्यवहार वहीत लिहायचा: काय घेतलं, किती नग, कोणाकडून, केवढ्याला.

फेरी चार मिनिटांची, घंटा वाजली की सगळे जागेवर. अशा सहा फेऱ्या घ्या. दुसऱ्या फेरीपासून प्रत्येक फेरीआधी एक संकटाचं कार्ड उघडा: वाळूचं वादळ (दुनहुआंग-काशगर व्यवहार बंद), जकात (बल्खमधून जाणाऱ्या प्रत्येक कार्डावर १ चिंचोका), लुटारू (मर्वची दोन कार्डं जातात), घाटात हिमपात (काशगर-बल्ख बंद). एका वेळी एकच रस्ता बंद करा, दोन केले की खेळ आटपतो.

रेशमाचं ठाण दुनहुआंगला २, काशगरला ४, बल्खला ६, मर्वला ८ आणि अँटिओकला १० ला पडतं. अँटिओककडे ३० चिंचोके, म्हणजे तीन ठाणं घेतली की खिसा रिकामा. मुलं कुरकुरायला लागतात, "सर, आमच्याकडे पैसेच नाहीत!" तेव्हा खेळ थांबवा. रोमन लेखक प्लिनी याने पहिल्या शतकात हीच तक्रार लिहून ठेवली आहे: भारत, चीन आणि अरबस्तान मिळून दरवर्षी साम्राज्यातून १० कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतात. आकडा त्याचा अंदाज आहे, पण दुखणं खरं होतं. ही ओळ फळ्यावर लिहा आणि अँटिओकच्या गटाला विचारा, आता काय कराल? काच विकायला हवी हे उत्तर ते स्वतःच शोधतात.

सातव्या आणि आठव्या फेरीत समुद्र उघडा. आता भरुचला अँटिओकशी थेट व्यवहार करता येतो. मोसमी वाऱ्यावर तांबड्या समुद्रातून अलेक्झांड्रियाकडे जाणारी वाट ती हीच. अँटिओकसमोर मर्व आणि भरुच असे दोन विक्रेते उभे राहतात आणि भाव घसरतो. खुष्कीच्या मार्गाला समुद्राची स्पर्धा कशी झाली, हे समजावायला वेगळं व्याख्यान लागत नाही.

या खेळात काय बिघडतं?

पहिल्या दोन फेऱ्यांत अँटिओकपर्यंत रेशीम पोचतच नाही. म्हणूनच प्रत्येक गटाला स्वतःचा माल दिला आहे. फक्त रेशमावर खेळ घेतला तर रांगेचा पश्चिम अर्धा भाग वीस मिनिटं रिकामा बसतो आणि गोंधळ सुरू होतो.

हुशार मुलं शेजाऱ्याला ओलांडून थेट चांगआनला जाऊ पाहतात. त्यांना रागावू नका. त्यांना हवं ते खऱ्या जगातही हवं होतं. इसवी सन ९७ मध्ये हान सेनापती बान चाओने गान यिंगला रोमकडे पाठवलं. तो इराणच्या आखातापर्यंत पोचला. तिथल्या पार्थियन (तेव्हाच्या इराणी साम्राज्यातल्या) खलाशांनी त्याला सांगितलं की वारा अनुकूल असेल तर तीन महिने, नाही तर दोन वर्षंही लागतील. तो परत फिरला. मधल्या दलालाला दोन टोकांची गाठ पडू द्यायची नसते. बल्खच्या गटाला हे आधीच उमगलेलं असतं!

हिशोबाच्या वह्या चौथ्या फेरीनंतर कोऱ्या राहू लागतात. प्रत्येक गटात एक कायमचा मुनीम नेमा आणि त्याला व्यवहाराला उठू देऊ नका. चर्चा या वह्यांवरच होते, त्यामुळे त्या नसतील तर दुसरा तास वाया जातो.

आणि शेवटी "जिंकलं कोण?" हा प्रश्न येतोच. चिंचोके आणि कार्डं मिळून मोजा. बहुतेक वेळा मधले गट पुढे असतात. सोग्डियन व्यापारी कोण, समरकंदच्या या लोकांची भाषा कित्येक शतकं बाजारपेठांची भाषा का झाली, हे सांगायला यापेक्षा चांगली वेळ नाही.

रेशीम कोष वर्गात उलगडून दाखवता येतात का? ते मिळतात कुठे?

येतात, आणि जरूर दाखवावेत. बीड, जालना, सोलापूर, पुणे या जिल्ह्यांत तुतीची शेती आणि रेशीम संगोपनगृहं आहेत. ओळखीच्या शेतकऱ्याकडून २० वाळवलेले कोष मागा. पांढरे, टणक, हलवल्यावर आत खुळखुळणारे निवडा. पतंग बाहेर पडून भोक पडलेला कोष उलगडत नाही, कारण धागा जागोजागी तुटलेला असतो. तो हातात घेऊन बघायला ठेवा. गडचिरोली, भंडारा भागातला टसर कोष मिळाला तर तोही शेजारी ठेवा. तो तपकिरी आणि मोठा असतो, पण या प्रात्यक्षिकात तो वापरू नका, साध्या गरम पाण्यात त्याचा डिंक सुटत नाही.

पातेल्यात एक लिटर पाणी उकळीला आणा, १० कोष टाका आणि झाऱ्याने पाण्याखाली पाच मिनिटं दाबून ठेवा, ते तरंगतात. धाग्याला धरून ठेवणारा सेरिसिन नावाचा डिंक आता मऊ होतो. कोष हात घालता येईल इतक्या कोमट पाण्यात काढा. जुन्या टूथब्रशने वरून हलकेच घासा. आधी गुंतागुंतीची लव निघते, ती काढून टाका. मग प्रत्येक कोषाचा एकच सलग धागा हाती लागतो. सात-आठ कोषांचे धागे एकत्र धरून पुठ्ठ्याच्या नळीवर गुंडाळायला लागा. एकटा धागा इतका बारीक असतो की ओढताच तुटतो. कोष पाण्यात नाचायला लागले की समजा जमलं.

एका कोषात साधारण ६०० ते ९०० मीटर धागा असतो. एका विद्यार्थ्याला नळी फिरवू द्या, दुसऱ्याला फेरे मोजू द्या. नळीचा घेर १० सेंटीमीटर असेल तर १०० फेरे म्हणजे १० मीटर. तास संपतो, कोष संपत नाही.

धागा सारखा तुटत असेल तर कोष कमी शिजले आहेत, आणखी दोन मिनिटं उकळा. धागा न येता कापसासारखा लगदा निघत असेल तर जास्त शिजले. सोडा टाकायचा मोह टाळा, त्याने लगदा लवकर होतो. वास येतो, तेव्हा खिडक्या उघड्या हव्यात. शेगडीजवळ फक्त शिक्षकांनी उभं राहायचं.

कोषात जीव असतो. मुलांनी त्यावर विचारलं तर?

सरळ उत्तर द्या. सलग धागा हवा असेल तर पतंग बाहेर पडण्याआधी कोष उष्णतेने वाळवावा लागतो आणि आतली कोशावस्थेतली अळी मरते. एका साडीमागे असे हजारो कोष लागतात. ज्यांना प्रात्यक्षिक बघायचं नसेल त्यांना भोक पडलेले कोष आणि कापडाचे नमुने द्या. बौद्ध आणि जैन परंपरेच्या संदर्भात आठवी-नववीची मुलं यावर मनापासून बोलतात. त्यांना बोलू द्या, घाईने निष्कर्षावर आणू नका.

कालपट्टी किती लांब हवी?

१ सेंटीमीटरला १० वर्षं. इसवी सनपूर्व १६०० पासून इसवी सन २००० पर्यंत ३ मीटर ६० सेंटीमीटर होतात, वर्गाच्या एका भिंतीवर बसतात. बिलिंग मशीनचा कागदी रोल उत्तम. शून्य वर्ष नाही, हे आधी सांगा. हान राजवंश इसवी सनपूर्व २०६ ते इसवी सन २२०, म्हणजे ४२५ वर्षं, पट्टीवर साडेबेचाळीस सेंटीमीटर. छिन राजवंश इसवी सनपूर्व २२१ ते २०६, जेमतेम दीड सेंटीमीटर. लिपी, वजनं, नाणी आणि गाड्यांच्या आसाची रुंदी एकसारखी करणारं साम्राज्य एवढंसं टिकलं, हे पट्टीवर बघितलं की मुलं थबकतात.

सगळे राजवंश पाठ करून घेऊ नका. छिन, हान, तांग (६१८ ते ९०७), सुंग (९६० ते १२७९), युआन (१२७१ ते १३६८), मिंग (१३६८ ते १६४४) आणि छिंग (१६४४ ते १९१२) पुरेत. २२० ते ५८९ हा तुकड्यांचा काळ मुद्दाम वेगळ्या रंगात रंगवा, नाही तर चीन कायम एकसंध होता असा समज होतो.

पट्टीच्या खालच्या बाजूला आपल्याकडचा काळ मांडा. हान आणि सातवाहन समोरासमोर येतात. ज्ञानेश्वरीची रचना १२९० ची मानली जाते, तेव्हा चीनमध्ये कुब्लाई खान राज्य करत होता आणि मार्को पोलो त्याच्या चाकरीत होता. शिवाजी महाराजांचा जन्म १६३० चा, मिंग राजवटीच्या शेवटच्या वर्षांतला. राज्याभिषेकाच्या वेळी, १६७४ मध्ये, पेकिंगला (आजचं बीजिंग) कांगशी सम्राट होता. ही खालची ओळ मुलांनीच भरायची.

मूळ साधनं कोणती वाचून घ्यावीत?

तीन पुरेत, पण नीट.

पहिलं, मिवनाय नावाच्या सोग्डियन बाईचं पत्र. साधारण इसवी सन ३१३ चं. नवऱ्याच्या सांगण्यावरून ती आईचं, भावांचं न ऐकता दुनहुआंगला आली आणि तो तिला मुलीसह तिथेच सोडून गेला. माहेरी परतायला पैसा नाही, सोबत नाही. तुझी बायको होण्यापेक्षा कुत्र्याची किंवा डुकराची बायको झाले असते तर बरं, असं ती नवऱ्याला लिहिते. पत्र पोचलंच नाही. दुनहुआंगच्या पश्चिमेला एका टेहळणी बुरुजाच्या अवशेषांत पुरातत्त्वज्ञ ऑरेल स्टाइनला १९०७ मध्ये ते इतर पत्रांसोबत सापडलं. व्यापारी मार्गाचा धडा उंट आणि राजे यांच्यातच अडकतो. हे पत्र वाचल्यावर त्या वाटेवर बायका होत्या, कर्ज होतं, एकटेपण होतं, हे कळतं. आठवीपासून पुढे वाचायला द्या.

दुसरं, पेरिप्लस. पहिल्या शतकातल्या ग्रीक भाषेतल्या या खलाशी मार्गदर्शिकेत पैठण आणि तेर यांची नावं आहेत: पैठण भरुचपासून वीस दिवसांच्या वाटेवर, तेर तिथून पूर्वेला दहा दिवसांवर. पैठणहून अकीकासारखे दगड आणि तेरहून भरपूर सुती कापड गाड्यांतून भरुचला जातं असं तिचा लेखक लिहितो. चीनचं रेशीम बल्खवरून भरुचला येतं, हेही त्यातच आहे. खेळातली भरुचची जागा इथून घेतली आहे.

तिसरं, चिनी बौद्ध भिक्षू युआन श्वांग याचं प्रवासवर्णन. इसवी सन ६२९ च्या सुमारास तो बंदीहुकूम मोडून चांगआनहून निघाला आणि ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन परतला. दुसऱ्या पुलकेशीच्या काळात तो महाराष्ट्रात आला. इथली माणसं उपकार करणाऱ्याला विसरत नाहीत आणि वैऱ्याला सोडत नाहीत, असं त्याने लिहिलं आहे. वर्गात हा उतारा आला की मुलं खूश होतात. लगेच पुढचा प्रश्न विचारा: हे त्याने पाहिलं की ऐकलं?

प्रत्येक उतारा एका पानापेक्षा मोठा नको. खाली पाच प्रश्न छापा: कोणी लिहिलं, कोणासाठी, केव्हा, यात स्वतः पाहिलेलं काय आणि ऐकीव काय. शेवटचे दोन प्रश्न मुलांना अवघड जातात. छापील आहे म्हणजे खरं, ही सवय मोडायला वेळ लागतो, म्हणून त्या दोन प्रश्नांना अर्धा तास ठेवा.

महाराष्ट्रात सहल काढायची तर कुठे?

कल्याणहून जुन्नरकडे चढणारा नाणेघाट पहिला. वरच्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा लेख आहे आणि तोंडाशी दगडी रांजण. तो जकातीसाठी होता असं सांगितलं जातं. पावसाळ्यात मुलांना नेऊ नका, वाट निसरडी असते आणि लेख धुक्यात दिसत नाही. कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर धेनुकाकट इथल्या यवन (ग्रीक मानल्या जाणाऱ्या) दात्यांची नावं कोरली आहेत. कान्हेरीच्या लेखांत कल्याणचे व्यापारी भेटतात. तेरच्या लामतुरे संग्रहालयात त्या काळच्या व्यापारी गावाच्या वस्तू पाहायला मिळतात. चिनी वस्तूच पाहायच्या असतील तर मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय. तिथल्या टाटा संग्रहात चिनी भांडी आणि जेड आहे. सहलीआधी प्रत्येक मुलाला एकच वस्तू किंवा एकच लेख नेमून द्या, सगळं बघायला लावलं की काहीच बघितलं जात नाही.

कागद तयार करण्याचं प्रात्यक्षिक करावं का?

वेळ असेल तर. साई लुन या अधिकाऱ्याने इसवी सन १०५ मध्ये हान दरबारात कागदाची रीत सादर केली असं चिनी इतिहास सांगतो. तिथून समरकंदमार्गे कागद पश्चिमेला गेला. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात आजही हातकागद होतो. तुघलकाच्या काळात कारागीर तिथे आले अशी परंपरा आहे.

वर्तमानपत्राच्या दहा पानांचे तुकडे रात्रभर भिजवा, खलबत्त्यात किंवा मिक्सरमध्ये वाटा, अर्धी बादली पाण्यात मिसळा. लाकडी चौकटीवर डासांची जाळी ताणून खिळवा, बादलीतला लगदा परातीत ओतून चौकट आडवी बुडवा आणि सरळ वर उचला. तिरकी उचलली की एक कड जाड होते. जुन्या सुती कापडावर उलटी टाका, लाटण्याने पाणी काढा, सावलीत वाळवा. शाई पसरू नये म्हणून लगद्यात वाटीभर भाताची पेज घाला.

चित्रं आणि छायाचित्रं कुठून घ्यावीत?

दुनहुआंगच्या हस्तलिखितांसाठी आंतरराष्ट्रीय दुनहुआंग प्रकल्पाचं संकेतस्थळ. इसवी सन ८६८ चं छापील वज्रच्छेदिका सूत्र (बौद्ध ग्रंथ) ब्रिटिश लायब्ररीत आहे, त्याचं चित्र तिथे मिळेल. दुनहुआंगजवळच्या लेण्यांच्या आतला भाग फिरवून बघायचा असेल तर डिजिटल दुनहुआंग. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमच्या संग्रहातली अनेक छायाचित्रं मुक्त वापरासाठी आहेत. सगळं आदल्या दिवशी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, शाळेच्या नेटवर भरवसा नको. कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेली "प्राचीन चीन"ची चित्रं वर्गात लावू नका. त्यांत तांग काळच्या बाईच्या अंगावर छिंग काळचा पोशाख सहज येतो.

मुलांच्या मनात कोणते गैरसमज असतात?

रेशीम मार्ग म्हणजे एक रस्ता, हा सर्वांत मोठा. हे नावही त्या काळच्या व्यापाऱ्यांचं नाही, जर्मन भूगोलतज्ज्ञ रिख्टहोफेन याने ते १८७७ मध्ये रूढ केलं. दुसरा, सगळीकडे उंटच चालत. पामीरच्या वाटांवर घोडी, खेचरं आणि याक लागत. तिसरा, या मार्गावरून फक्त रेशीम गेलं. हान सम्राट वू याने इसवी सनपूर्व १३८ मध्ये झांग छियानला पाठवलं ते उत्तरेकडच्या भटक्या श्योंगनूंविरुद्ध मित्र शोधायला. त्याला दहा वर्षं कैदेत काढावी लागली. परतल्यावर त्याने सांगितलेल्या गोष्टींत मध्य आशियातल्या फरगान्याचे घोडे होते आणि बल्खच्या बाजारात भारतामार्गे आलेलं सिचुआनचं कापड आणि बांबूच्या काठ्याही होत्या. चंद्रावरून चीनची भिंत दिसते हा चौथा. दिसत नाही.

गुण कसे द्यायचे?

सनावळीवर कमी, कारणांवर जास्त. २० गुणांची चाचणी असेल तर नकाशावर सात ठिकाणं दाखवायला ७, एका अनोळखी उताऱ्यावरच्या पाच प्रश्नांना ५, आणि "अँटिओकचे चिंचोके का संपले?" या प्रश्नाला ८. या शेवटच्या उत्तरात दलाल, वाढता भाव आणि उलट दिशेने जाणारा माल हे तिन्ही आले तर पूर्ण गुण द्या, भाषा मोडकी असली तरी.

एकच तास मिळत असेल तर?

खेळाच्या सहा फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटांच्या, पाच गट करून: चांगआन, काशगर, बल्ख, अँटिओक आणि भरुच. अँटिओकला ठाण ६ ला पडेल, म्हणून त्याला १८ चिंचोके द्या. संकटाची कार्डं वगळा आणि समुद्र शेवटच्या फेरीत उघडा. उरलेल्या वेळात प्लिनीची तक्रार फळ्यावर लिहून चर्चा, आणि मिवनायचं पत्र घरी वाचायला.